ज्वालामुखी एकदाच उडतो

वाचक लिहितात: "माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. वाढदिवसाला तिला तीन सायन्स किट मिळाले. ज्वालामुखी एकदा उडवला. स्फटिक वाढलेच नाहीत. पंख्याची गाडी सगळी मीच जोडली, कारण 'आई, तूच कर ना' हे तिचं कायमचं. आता तिन्ही खोकी कपाटावर आहेत. आमचं ऐरोलीला वन बीएचके घर आहे, सासूबाई पसाऱ्याला वैतागतात, धाकटा दोन वर्षांचा आहे. मी नोकरीवरून साडेसातला घरी येते. मुलीचे बाबा म्हणतात, रोबोटिक्सच्या क्लासला घालू या. वर्षाची फी अठ्ठावीस हजार आहे. मी कॉमर्सची, मला विज्ञान येत नाही. क्लास लावावा की घरी काही करता येईल? — एक आई, ऐरोली"

ताई, आधी अठ्ठावीस हजारांचं उत्तर देऊन टाकतो: यंदा क्लास नको. सहाव्या वर्षी बोटांना आधी दुसरी कामं शिकायची असतात. कात्रीने रेघेवरून कापणं, दोऱ्याला गाठ मारणं, न सांडता ओतणं, थेंब मोजून टाकणं, दोन वस्तू शेजारी धरून कुठली मोठी ते ठरवणं. हे हातात नसलेलं मूल रोबोटच्या क्लासला गेलं, तर स्क्रू सर पिळतात आणि मूल बटण दाबतं. नवव्या-दहाव्या वर्षी तिने स्वतः मागितला तर क्लास जरूर लावा. बाबांना तरी बघायचाच असेल, तर एक तास वर्गात बसून यावं. एका संचामागे मुलं किती, पेचकस कोणाच्या हातात आहे, आणि पालक घ्यायला येण्याआधी शेवटची पाच मिनिटं सगळ्या गाड्या सरच चालू करून देतात का, एवढं पाहिलं तरी पुरे.

आता किटचं. मुलीचं काही चुकलेलं नाही. ज्वालामुखीच्या खोक्यात पुड्या मोजून भरलेल्या असतात, शेवट ठरलेला असतो. मुलीच्या वाट्याला पुडी रिकामी करणं एवढंच उरतं. दुसऱ्यांदा करून नवीन काय दिसणार? शिवाय सामान एकदाच पुरेल एवढं, म्हणजे बिघडवलं की संपलं. "तूच कर" हे बऱ्याचदा त्या भीतीतून येतं. स्फटिकांचं म्हणाल, तर ते बहुतेक तुमच्याही हातून बिघडलेले नाहीत. तसले स्फटिक वाढायला पाणी सावकाश उडून जावं लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठसुद्धा ओलं होतं, तिथे वाटीतलं पाणी कुठून उडणार! पुन्हा करायचेच असतील तर तुरटीचे करा. तुरटी गरम पाण्यात भरपूर विरघळते आणि गार पाण्यात खूपच कमी, त्यामुळे द्रावण नुसतं निवलं तरी खडे धरतात. मिठात हा फरक जवळजवळ नसतो.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सामान इतकं स्वस्त हवं की दहादा बिघडलं तरी चालेल, आणि दर वेळी त्यातली एकच गोष्ट बदलून बघता यावी. मग रोज नवा प्रयोग शोधत बसावं लागत नाही. एकच प्रयोग महिनाभर पुरतो.

सुरुवात फॉइलच्या होडीपासून करा. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौरस कापायचे. आधी कागदाचा एक चौरस तुम्ही करून द्या, तो ठेवून मुलगी बाकीचे आखेल आणि कापेल. कात्री बोथट टोकाची, पण धारेची हवी. धार नसलेल्या कात्रीने फॉइल कापलं जात नाही, ते पात्यांत दुमडतं, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. चारही बाजू वर दुमडून खोका करायचा. कोपरे कापायचे नाहीत, चिमटीत धरून बाजूला मुडपायचे. कापलेल्या कोपऱ्यातून पाणी शिरतं आणि होडी का बुडाली तेच कळेनासं होतं.

टबात किंवा घमेल्यात सहा-सात सेंटिमीटर पाणी घ्या. परात उथळ पडते. होडी तळाला टेकून उभी राहते आणि मुलगी आनंदाने सांगते, माझी बुडतच नाही! मग एकेक रुपयाची नाणी ठेवत मोजायचं. नाणी एकाच मालिकेतली घ्या. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा. दोन्ही मिसळले की कालची होडी आणि आजची होडी यांची तुलनाच होत नाही. वेगळे करायला नजर पुरते, नवा रुपया आकाराने लहान आहे. हे वेगळं करण्याचं कामही तिलाच द्या.

आता बदलायचं फक्त एक, काठाची उंची. एक सेंटिमीटर काठाची होडी करा, मग दोनची, मग तीनची. चौरस तोच. पहिल्या होडीनंतर जवळजवळ प्रत्येक मूल म्हणतं की काठ जितका उंच तितकी नाणी जास्त. एकवरून दोनवर जाताना ते खरं ठरतं आणि तीनवर सपशेल फसतं. कारण काठ उंच केला की तळ आक्रसतो. हिशोब असा: एक सेंटिमीटर काठाला तळ आठ बाय आठ, म्हणजे होडीत ६४ घनसेंटिमीटर जागा. दोनला सहा बाय सहा, जागा ७२. तीनला तळ चार बाय चारच उरतो आणि जागा ४८. एक घनसेंटिमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, म्हणून २०११ च्या रुपयांत या होड्या फार तर १६, १८ आणि १२ नाणी पेलतात. प्रत्यक्षात दोन-चार कमीच भरतील, कारण नाणी एका बाजूला पडली की होडी कलते आणि काठावरून पाणी आत येतं. तीनची होडी तर बहुधा त्याही आधी आडवी होईल. हा हिशोब तुमच्यासाठी आहे, मुलीला सांगू नका. तिने तिन्ही होड्यांची नाणी कागदावर चौकोन रंगवून मांडली आणि "मधली जिंकली" एवढं म्हणाली, की पुढची दीड सेंटिमीटरची होडी ती आपणहून मागते. तिथे तुमचं काम झालं.

नाणी आली की धाकट्याचा प्रश्न आलाच. तो झोपलेला असताना किंवा आजीबरोबर खाली गेलेला असतानाच हा खेळ काढा. आधी वीस नाणी मोजून घ्यायची, नंतर वीसच मोजून डब्यात टाकायची. मोजणी मुलीची, डब्याचं झाकण तुम्ही लावायचं.

होडीनंतर तराजू. यात हाताला काम जास्त आहे, म्हणून दोन शनिवार धरा. कपड्यांचा प्लास्टिकचा हँगर, ज्याच्या दोन्ही खांद्यांना खाचा असतात तसा. श्रीखंडाचे दोन सारखे रिकामे डबे. प्रत्येक डब्याच्या काठाला सारख्या अंतरावर तीन भोकं, ती तुम्ही दाभणाने पाडून द्या. दोन भोकं पाडली तर पारडं कलंडतं, तीन दोऱ्यांवर ते स्थिर राहतं. दोरे पंचवीस सेंटिमीटरचे, सहाच्या सहा सारखे. गाठी मुलीला मारू द्या. सुटतील, पुन्हा मारील. चिकटवायचं असेल तिथे सेलोटेपऐवजी कागदी मास्किंग टेप वापरा. सेलोटेप मुलांना हाताने तोडता येत नाही आणि टोक सापडत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी "आई" होते. कागदी टेप हाताने फाटते आणि सोलून पुन्हा लावता येते.

हँगर थेट खिळ्याला अडकवला तर तो घासून अडतो. मग तराजू कुठल्याही तिरक्या अवस्थेत थांबतो आणि खोटं वजन दाखवतो. पडद्याच्या दांडीला दोऱ्याचा फास बांधून त्यात हँगरचा आकडा अडकवा, आणि पंखा बंद करा. तरीही रिकामी पारडी बहुधा समान राहणार नाहीत. इथे घाईने तुम्ही दुरुस्ती करू नका. विचारा, "रिकामाच आहे, तरी हा का खाली?" मग वर गेलेल्या बाजूला कणकेची बारीक गोळी चिकटवत, काढत तिलाच समतोल साधू द्या. या गोळीला आपल्या भाषेत नाव आहे: पासंग. आजींना विचारा, भाजीवाल्यांच्या हातातल्या तराजूला बांधलेला पासंग त्यांनी नक्की पाहिला असेल. "पासंगालाही पुरत नाही" हे मुलीला आता दिसेल. कणीक वाळली की तिचं वजन घटतं आणि तराजू पुन्हा कलतो, म्हणून दर शनिवारी पासंग नवा.

वजनं म्हणून तेच रुपये. एक लिंबू किती रुपयांचं? बटाटा जड की कांदा? आधी दोन्ही हातांत धरून अंदाज, मग तराजू. रोजच्या दहा मिनिटांसाठी मटकी आहे. दहा रुपयांच्या वजनाएवढी कोरडी मटकी रात्री भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आल्यावर निथळून पुन्हा तोलायची. वजन दुपटीच्या आसपास जातं. निथळायला चाळणीवर दहा मिनिटं ठेवा आणि वरून फडक्याने टिपा, नाहीतर दाण्यांना चिकटलेलं पाणीच तोललं जातं. त्याच मटकीचे तीन भाग करा: एक ओल्या फडक्यात, एक वाटीत पाण्याखाली बुडवून, एक नुसती उघडी तशीच. दोन दिवसांनी फडक्यातल्या मटकीला मोड आलेले असतील. बुडालेली मटकी फुगून आंबूस वास मारू लागेल. पाणी जास्त मिळूनही मोड का नाहीत? दाण्याला श्वासासाठी हवा लागते आणि पाण्याखाली ती पुरत नाही. फडक्यातले मोड उसळीला घ्या, बुडालेली फेकून द्या.

सासूबाईंना पसाऱ्याचा राग येतो, आणि वन बीएचकेमध्ये तो रास्तच आहे. जागा एकच ठरवा. मोरीच्या दाराशी जुनी चादर अंथरायची, टब तिच्यावर, चादरीबाहेर काही जायचं नाही. पुसायचं फडकं प्रयोग सुरू होण्याआधी तिथे हवं, सांडल्यावर शोधायचं नाही, आणि पुसायचं मुलीने. होडीचं पाणी शेवटी कुंडीत. एवढं पाळलं की अर्धी कुरकुर जाते. उरलेली घालवायला पुढचा प्रयोग आजींच्याच हाती द्या, कारण तो त्यांच्या मसाल्याच्या डब्यातला आहे.

चार वाट्यांत पाव-पाव चमचा पांढरी पूड घ्या: खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, मीठ, तांदळाचं पीठ. दिसायला जवळपास सारख्या. आधी प्रत्येकीत एक चमचा साधं पाणी. फसफसते फक्त बेकिंग पावडर. तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल मिसळलेलंच असतं, ओलं होताच दोघं भेटतात. मग नव्या वाट्या, नव्या पुडी आणि पाण्याऐवजी लिंबाचा रस. आता सोडा उसळतो, मीठ आणि पीठ गप्प. दुसऱ्या दिवशी आजींनी एक पूड नाव न सांगता द्यायची आणि मुलीने ती ओळखायची. हा खेळ मुलं आठवडाभर सोडत नाहीत. प्रत्येक वाटीला वेगळा चमचा ठेवा. सोड्याचा चमचा मिठात गेला की मीठही फसफसतं आणि सगळा तपास चुकतो. एक दिवस ही चूक मुद्दाम होऊ द्या आणि चोर तिलाच शोधू द्या. नियम दोन: ओळखायला चाखायचं नाही, आणि लिंबाचे हात डोळ्यांना लावायचे नाहीत. प्रमाणही लक्षात ठेवा. पाव चमचा सोड्याला एका लिंबाचा रस पुरतो. चमचाभर सोडा घातलात तर बराचसा तळाशी तसाच राहतो आणि तुम्हाला वाटतं प्रयोग फसला.

हळदीचंही तसंच. अर्धा चमचा हळद दोन मोठे चमचे पाण्यात कालवून चित्रकलेच्या कागदावर फासा, वाळल्यावर दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. कपड्याच्या साबणाच्या वडीचं पाणी लावलं की पट्टी लालसर होते, लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. भांडी घासायच्या लिक्विडने बऱ्याचदा काहीच होत नाही, कारण त्यातली बरीचशी वडीइतकी क्षारयुक्त नसतात, म्हणून वडीच घ्या. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हे आजींनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. पूर्वी कुंकू हळदीपासून कसं करत, हेही त्या सांगतील. पानाचा चुना मात्र मुलीच्या हाती देऊ नका, तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

कपाटावरच्या किटमधून भिंग, ड्रॉपर, मोटर, तारा काढून एका डब्यात ठेवा आणि खोकी रद्दीत द्या. बटण सेल असतील तर आजच काढून तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. हे कळकळीने सांगतोय. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. तसं काही झाल्याची नुसती शंका आली, तरी उलटी न करवता मुलाला थेट रुग्णालयात न्यायचं. लहान, फार जोरकस लोहचुंबकांचंही तेच: दोन गिळले तर आतड्याच्या दोन घड्या चिमटीत धरतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी धाकटा असेपर्यंत घरातच नकोत.

होडी, तराजू, पुडी यांतच तीन-चार महिने जातील. मध्ये कधी बदल हवा वाटला तर सुईशिवायच्या दोन सिरिंज आणा, एक पाच मिलिलिटरची, एक दहाची, आणि माशांच्या दुकानातून एअर पंपाची फूटभर नळी. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा वर येतो. नळीत हवा असताना तो उशिरा आणि लवचिकपणे हलतो, पाणी भरल्यावर ताबडतोब. सगळं टबात बुडवून जोडा, नाहीतर आत बुडबुडा राहतो आणि फरक कळत नाही.

तुम्ही कॉमर्सच्या, म्हणजे अंदाज, नोंद आणि ताळा ही तिन्ही कामं तुमच्या सवयीची. प्रयोगाआधी "काय होईल?" विचारा आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत तारखेसकट वहीत लिहा. चुकीचं असेल तरी तसंच लिहा, दुरुस्त करू नका. मग बघा आणि ताळा घ्या. "का झालं?" हा प्रश्न लगेच नको. सहा वर्षांचं मूल "का"ला काहीतरी रचून सांगतं आणि तिथेच थांबतं. "आता काय बदलून बघू या?" याला ते हाताने उत्तर देतं. आणि "आई, तूच कर" आलं की पूर्ण करून देऊ नका, नकारही देऊ नका. तिसऱ्या हातासारखा तुमचा हात द्या: तुम्ही दोरा धरा, गाठ तिने मारायची.

राहिले बाबा. त्यांच्यासाठी ऐरोलीला राहणाऱ्यांनाच मिळणारं काम आहे: खाडी. ठाणे खाडीतलं पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं. ऐरोली-मुलुंड पुलावरून बसने जाताना कधी चिखल उघडा दिसतो, कधी खारफुटीच्या बुंध्यापर्यंत पाणी. हिवाळ्यापासून पुढे रोहित पक्षी त्या उघड्या चिखलावर चरायला उतरतात. पाणी केव्हा चढेल हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा. ओहोटी मधल्या वेळेत, म्हणजे साधारण सहा तासांनी. हा ठोकताळा खुल्या किनाऱ्याचा आहे, खाडीत आत पाणी थोडं उशिरा येतं. नेमकं किती उशिरा, ते बाप-लेकीने मोजावं. एका रविवारी खाडीकाठच्या एका सुरक्षित, पक्क्या जागेवरून बघायचं. चिखलात उतरायचं नाही. समोरचा एखादा दगड किंवा खांब खूण म्हणून धरायचा, दर अर्ध्या तासाने पाणी कुठवर आलं ते वहीत चित्र काढून वेळ लिहायची. पाठोपाठच्या दिवशी तीच वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकलेली असेल.

या शनिवारी एवढंच हाताशी ठेवा: फॉइल, धारेची कात्री, टब, जुनी चादर, फडकं आणि एकाच मालिकेतली वीस नाणी.